दोन भावांनी ऐकलेला कर्णा

आधीच सांगून टाकते. या ग्रुपवर मी फक्त वाचायला येते, आणि खरं बोलायचं तर हसायला. घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, मागच्या सीटवरून गायब झालेला माणूस... वाचते आणि नवऱ्यालाही वाचून दाखवते. मी नाशिकमध्येच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. स्लाइडवर दिसलं तर खरं, नाही दिसलं तर नाही, असा माझा साधा हिशोब. त्यातून आम्ही ख्रिस्ती. भुताखेतांवर विश्वास ठेवायची आमच्याकडे परवानगीच नाही म्हणा ना!

तर हा अनुभव भुताचा नाही. मग कशाचा, ते मला विचारू नका. ज्यांना देवाधर्माच्या गोष्टींचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच पुढे सरकावं, मी मुळीच रागावणार नाही. पण गेल्या डिसेंबरात आमच्या घरात जे झालं ते कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाहीये.

आम्ही शरणपूर रोडच्या बाजूला राहतो, त्र्यंबक नाक्यावरून चालत येण्यासारखं आहे. घरात मी, माझा नवरा सुनील आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी पप्पाच म्हणते. त्यांचं नाव शांतवन, पण नावाचा आणि स्वभावाचा काही संबंध नाही. शाळेत गणित शिकवायचे. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी कुणाची चूक दिसली की बोटं खडू शोधतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच देवाघरी गेल्या, त्यामुळे पप्पांची बोलणी खायला घरात मी एकटीच.

पप्पांचा आवडता विषय एकच — शेवटचा काळ. आमच्या पवित्र शास्त्रात म्हटलंय की प्रभू येशू पुन्हा येणार आणि तेव्हा आकाशात कर्णा वाजणार. कर्णा म्हणजे लग्नाच्या मांडवातला भोंगा नव्हे हो, तुतारीसारखं वाद्य. आणि तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सतत तयार राहा, असंही तिथंच सांगितलंय. पण ‘उत्तर माहीत नाही’ हे गणिताच्या मास्तरला कसं पचावं? कुठे भूकंप झाला की पप्पांचा टीव्हीचा आवाज वाढलाच. कुठे युद्ध पेटलं की ‘ज्योत्स्ना, चिन्हं बघ, चिन्हं!’ मोबाइलवर तासन् तास भविष्यवाणीचे व्हिडिओ. एकदा कांदा फारच महागला तेव्हाही त्यांनी प्रकटीकरणातला, म्हणजे शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकातला, दुष्काळ काढला होता. मी म्हटलं, ‘पप्पा, लासलगावात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडलेत, त्याचा प्रभूशी काय संबंध?’ तर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

आणि त्यांची तयारी म्हणाल तर अक्षरशः तयारी! घरातसुद्धा कधी बनियनवर बसायचे नाहीत. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागल्या तरी इस्त्रीचा शर्ट अंगात. का, तर ‘प्रभू आत्ता आला तर त्याला असा भेटू?’ सुनील म्हणायचा, ‘पप्पा, तो आत्मा बघेल, शर्ट नाही.’ त्यावर पप्पांचं उत्तर ठरलेलं, ‘आत्म्याचं तुझं तू बघ, शर्टाला इस्त्री कर.’

हसू येतं ना? आम्हालाही यायचं. पण या सगळ्यात एक गोष्ट अशी होती की तिच्यावर घरात कुणीच हसत नसे. हा इतका तयारीचा माणूस गेली कित्येक वर्षं प्रभुभोजन घेत नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. सगळे पुढे वेदीपाशी जाऊन गुडघे टेकतात आणि भाकर नि द्राक्षरस घेतात. पण त्याला एक अट आहे. भावाशी वैर ठेवून तिथे यायचं नाही. आधी जाऊन समेट करायचा, मग यायचं. आता ही अट कोण किती पाळतं हे देवालाच माहीत. तिथे शेजारी-शेजारी गुडघे टेकून बाहेर आल्यावर एकमेकींकडे न बघणाऱ्या जावा मी डोळ्यांनी पाहिल्यात. पण पप्पा मात्र पाळायचे. रांग पुढे सरकली की ते बाकावर एकटेच बसून राहायचे, गाण्याचं पुस्तक उघडून, मान खाली घालून. मी परत येऊन शेजारी बसले की विचारायचे, ‘झालं?’ मी म्हणायचे, ‘झालं.’ बस, एवढंच. मला त्या वेळी फार वाईट वाटायचं हो, खरंच.

कारण त्यांचं त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाशी वैर होतं. भास्करकाका. ते हरसूलजवळच्या आमच्या मूळ गावी राहतात. थोडी भातशेती, आणि रविवारी गावातल्या छोट्या मंडळीत उपदेश करतात. आणि हे वैर कशावरून? जमिनीवरून म्हणाल, तर नाही. बायकांवरून म्हणाल, तर तेही नाही. प्रभू नेमका कधी येणार यावरून!

पप्पांचं म्हणणं असं की जगावर महासंकट येणार, पण त्याच्या आधीच कर्णा वाजून विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जाणार. काकांचं म्हणणं, असं फुकट काही मिळत नाही, विश्वासणाऱ्यांनाही महासंकटातून जावंच लागणार आणि कर्णा वाजेल तो त्यानंतर. म्हणजे भांडण काय, तर आधी की नंतर. आजींच्या, म्हणजे या दोघांच्या आईच्या, स्मरणाच्या प्रार्थनेला सगळं गाव जमलं होतं, काका उपदेश करत होते आणि त्यांनी हा मुद्दा काढला. पप्पा भर सभेत उभे राहिले आणि म्हणाले, ‘भास्कर, चुकीचं शिकवतोयस, खाली बस.’ काका म्हणाले, ‘मास्तर, शाळा तिकडं नाशकात. हितं मी बोलतोय.’ त्यावर पप्पांच्या तोंडून निघून गेलं, ‘खोटा संदेष्टा आहेस तू!’ आमच्या लोकांत याच्याहून मोठी शिवी नाही. काका पुस्तक मिटून तिथून निघून गेले, आणि आजींची प्रार्थना अर्धीच राहिली.

त्यानंतर बोलणं बंद. काकांच्या मुलीच्या लग्नाला मी आणि सुनील गेलो, पप्पा नाही. आमच्या चर्चचे पाळकसाहेब कितीदा येऊन सांगून गेले, ‘मास्तर, एक फोन करा, दोन मिनिटांचं काम आहे.’ पप्पांचं एकच, ‘सत्य माझ्या बाजूला आहे. त्याने मान्य करावं, मी आत्ता गळ्यात पडतो.’ आणि तिकडे काकांचंही हेच म्हणणं, काकू मला फोनवर सांगायच्या. दोघेही प्रभूच्या येण्याची वाट बघत होते आणि एकमेकांच्याही, पण उठून जायचं कुणी?

आता तो दिवस सांगते. शनिवार होता, नाताळच्या आधीचा आगमनकाळ सुरू झालेला, दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार. मला सुट्टी होती. मी नाताळचे शंकरपाळे तळायला घेतले होते. सुनील अंबडला कंपनीत, शिफ्टवर. पप्पा गच्चीवर नाताळचा स्टार लावायला बांबू बांधत होते. ऐकत नाहीत ना, ‘सुनील आल्यावर लावू’ म्हटलं तर ‘तोवर प्रभू येईल’ म्हणे! त्यांना एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने कमी, म्हणून मशीन लावतात. ते मशीन त्या वेळी खाली टेबलावर चार्जिंगला होतं. हे मी मुद्दाम सांगतेय. मी जिन्यातून दोनदा ओरडले, ‘पप्पा, जेवायला चला,’ ते त्यांना ऐकू गेलं नाही.

थोड्या वेळाने ते जिन्यावरून खाली आले. चेहरा असा पांढराफटक की माझ्या हातातला झारा कढईत पडला. मला वाटलं, पडले वरून.

म्हणाले, ‘वाजला.’

‘काय वाजला?’ मशीन नव्हतं, म्हणून मी कानाशी जाऊन ओरडले.

‘कर्णा.’

मी गॅस बंद केला. ते माझ्याकडे बघत होते, मग स्वतःच्या हातांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘मी राहिलो, ज्योत्स्ना. कर्णा वाजला आणि मी राहिलो.’ मग जरा थांबून, ‘तू पण राहिलीस?’

आता बघा! एवढी गंभीर वेळ, पण मला क्षणभर रागच आला. म्हणजे दर रविवारी चर्चला जाते, तुमच्या गोळ्या, तुमचं पथ्य, सगळं बघते, आणि मी पण मागे राहिलेल्यांत! पण दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं की हा माणूस खराखुरा घाबरलाय. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर ज्या दिवसासाठी शर्टाला इस्त्री केली तो दिवस आला आणि आपल्याला न घेताच निघून गेला, असं त्यांना वाटत होतं. त्यांचं दुःख बघून मला रडू यायला लागलं.

पण मी पडले लॅबवाली. पहिली शंका, ब्रेनस्ट्रोक. त्यांना हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितले, नाव-गाव विचारलं. सगळं व्यवस्थित. बीपी घेतलं, माझ्यापेक्षा चांगलं. शुगर नॉर्मल. मी विचारलं, ‘कसा आवाज होता?’ म्हणाले, ‘लांबच लांब. एकच सूर, आणि शेवटी वर चढत गेलेला. पश्चिमेकडून.’ आणि यानेच ते जास्त गोंधळले होते, कारण त्यांच्या सगळ्या अभ्यासाप्रमाणे प्रभू पूर्वेकडून यायला हवा. ‘पश्चिमेला काय आहे?’ असं स्वतःशीच म्हणाले आणि एकदम उठले. ‘हरसूल आहे. भास्कर आहे. मला बघायचंय तो गेला का.’

‘कुठे गेला का?’

‘वर! तो गेला असेल तर मी खोटा, तो खरा. मी त्याला काय-काय बोललो, ज्योत्स्ना...’ आणि पायात चपला सरकवून हे निघालेसुद्धा!

मी काकूंना फोन लावला, कव्हरेज क्षेत्राबाहेर. त्या भागात नेटवर्क म्हणजे लागलं तर लागलं. काकांकडे मोबाइलच नाही. सुनील कामावर फोन उचलत नाही. तोवर पप्पा फाटकाबाहेर पोचून चालायला लागले होते, गंगापूर रोडच्या दिशेने. या वयात, जेवण नाही, ऊन डोक्यावर. मग काय करणार? कानाचं मशीन उचललं, स्वेटर घेतला, त्यांना गाठून मशीन कानात घातलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि स्कूटरवर मागे बसवलं. मनात म्हटलं, गंगापूर गावापर्यंत एक चक्कर मारून आणू, वारा लागला की शांत होतील.

कसले शांत होतायत! गंगापूर आलं, मी स्कूटर वळवायला लागले तर मागून पाठीवर हात, ‘सरळ.’ पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. बायका बागांमध्ये वाकून काम करत होत्या, ट्रॅक्टर चालले होते, सगळं नेहमीसारखं. पप्पा प्रत्येक माणूस दिसला की बघून घेत होते. ‘हा राहिलाय... ही पण राहिलीये...’ असं मला मागून ऐकू येत होतं. मी म्हटलं, ‘पप्पा, सगळेच राहिलेत, म्हणजे काहीच झालेलं नाही.’ त्यावर दुखऱ्या आवाजात म्हणाले, ‘अरुंद वाट आहे बाळ. जाणारे थोडेच असतात.’ बोला आता यावर!

गिरणाऱ्याला पोचलो. टोमॅटोच्या मार्केटची गर्दी, क्रेट उतरत होते, पिकअप आडव्या लावलेल्या. मी ठरवलं, इथे थांबायचं, यांच्या पोटात काहीतरी घालायचं आणि सुनीलला परत फोन करायचा. मुळात एवढ्या लांब स्कूटर घेऊन घाट चढायची माझी छाती नव्हती. एका टपरीसमोर स्कूटर लावली, पप्पांना बाकावर बसवलं, चहा आणि पाव सांगितला. पप्पा कपाला हातही लावेनात.

तेवढ्यात हरसूलकडून एक वडापची जीप येऊन थांबली. पुढचे पॅसेंजर भरायला ती तिथे उभीच राहते. माणसं पाय मोकळे करायला उतरली. त्यात एक म्हातारा, डोक्यावर गांधी टोपी, अंगात धुतलेला पांढरा सदरा, पायात मात्र काहीच नाही. अनवाणी! माझी नजर आधी त्या पायांवर गेली आणि मग तोंडाकडे. भास्करकाका.

पप्पांनी त्यांना माझ्या आधीच पाहिलं होतं. ते बाकावरून उठले. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं, ते काढायचंही त्यांना सुचलं नाही. मधे क्रेटची रास होती, तिच्या या बाजूला पप्पा नि त्या बाजूला काका. दोघेही उभे. मला वाटलं, झालं, आता इथे भर बाजारात दुसरं महासंकट.

पप्पा म्हणाले, ‘भास्कर... तू अजून इथंच?’

काकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. हेल्मेटमुळे ओळखायला एक क्षण गेला असेल. मग म्हणाले, ‘आरं... अन् तू बी?’

आणि दोघं म्हातारे त्या टोमॅटोच्या क्रेटना वळसा घालून एकमेकांच्या गळ्यात पडले. पप्पा ढसाढसा रडत होते. मी त्यांना सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्या... चुकले, स्मरणदिनाच्या प्रार्थनेतही रडताना पाहिलं नव्हतं. काका त्यांच्या हेल्मेटवर थोपटत होते आणि म्हणत होते, ‘गप. गप. आपण दोगंबी राहिलो, आता काय करायचं ते संगतीनं करू.’ मार्केटातली माणसं बघायला लागली. एका बाईने मला हळूच विचारलं, ‘घरात कोणी गेलं का?’ मी म्हटलं, ‘नाही हो, कोणीच गेलं नाही.’ आणि मला हसू फुटलं ते थांबेचना. हसतेय की रडतेय ते मलाच कळत नव्हतं.

आता खरी गोष्ट ऐका. बाकावर बसल्यावर मी विचारलं, ‘काका, तुम्ही इकडे कसे?’

काका म्हणाले, ‘कर्णा वाजला ना.’

शप्पथ सांगते, पप्पांनी तोवर त्यांना काही म्हणजे काहीच सांगितलेलं नव्हतं. मी शेजारीच होते.

काका दुपारी जेवायला बसले होते. म्हणाले, ‘लांब सूर. सरळ आला अन् शेवटाला वर गेला. तुझ्या काकूला म्हनलं, ऐकलंस का? ती म्हनली, काय नाय. मग मी ताटावरनं उठलो.’ कर्णा वाजला पण महासंकट तर अजून आलंच नाही, म्हणजे शांतवनचंच बरोबर होतं, असं त्यांच्या मनात आलं. ‘म्हनलं, दादा तर वर गेला आसंल. पण नसंल गेला, तर त्याला सांगाया पायजे का तू खरा, मी चुकलो. सदरा घातला, वहाना राहिल्या घरीच.’ मिळाली ती जीप पकडून निघाले होते.

म्हणजे पप्पा काकांना ‘तू खरा’ सांगायला निघाले होते आणि काका पप्पांना! मी पुढचं विचारलं, ‘काका, आवाज कुठल्या बाजूने आला?’

‘उगवतीकडनं,’ काका म्हणाले. ‘नाशिकच्या अंगानं.’

पप्पांना ऐकू आला पश्चिमेकडून, हरसूलच्या बाजूने. काकांना पूर्वेकडून, नाशिकच्या बाजूने. मी त्या बाजाराकडे बघत राहिले. कारण असा आवाज खरंच कुठून आला असेल, तर तो या दोघांच्या मधून यायला हवा. आणि मधे आम्ही बसलो होतो.

मी टपरीवाल्या मावशींना विचारलं. दुपारी इथे काही वाजलं का? लग्नाचा बँड, मिरवणूक, भोंगा? त्या म्हणाल्या, ‘नाय ओ ताई, सकाळपासून हितंच हाय मी. काय बी नाय.’ क्रेट उतरवणाऱ्यांना विचारलं. दोन पोरं मोबाइलवर गाणी लावून बसली होती, तेवढाच काय तो आवाज. परतताना दोघा भावांना त्याच जीपमध्ये बसवलं आणि मी स्कूटरवर मागून निघाले; वाटेत थांबून बघितलं तर काकूंचा फोन लागला, माझ्याच अंगावर ओरडल्या, ‘ज्योती, ते तिकडं आलंत का? आमटी तशीच ठेवून पळालं, मला वाटलं येड लागलं!’ त्यांनीही काही ऐकलं नव्हतं. वेळ विचारली तर तीच, जेवणाची.

काका आमच्याकडेच मुक्कामाला आले. सुनील घरी येऊन बघतो तर वडील आणि काका एका ताटलीतून शंकरपाळे खातायत. तो दारातच उभा राहिला आणि माझ्याकडे बघून खुणेनेच विचारलं, काय हे? मी म्हटलं, ‘आधी चपला काढ, मग सांगते.’ अर्धे शंकरपाळे करपले होते, पण दोघांनी नावं ठेवली नाहीत. सुनील काकांना घेऊन बाहेर गेला आणि त्यांच्या मापाचे बूट घेऊन आला.

रविवारी सकाळी आम्ही चौघे चर्चला गेलो. प्रभुभोजनाची वेळ आली, बाकावरून माणसं उठायला लागली. मी पप्पांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलंच. ते हातातलं गाण्याचं पुस्तक बंद करून बसले होते. काका उठले आणि म्हणाले, ‘चल.’ पप्पा म्हणाले, ‘गुडघे दुखतात रे.’ काका म्हणाले, ‘माझे बी दुखत्यात. चल.’ दोघं एकमेकांना धरून पुढे गेले, एकमेकांना धरूनच खाली टेकले. पाळकसाहेब भाकर देत देत पप्पांपाशी आले आणि थांबले. मग त्यांनी भाकर पप्पांच्या हातावर ठेवली. पप्पा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा की काय सांगू! मी मुद्दाम विचारलं, ‘झालं?’ त्यांनी मान हलवली.

आता माझं काम. मी सोडते होय? पुढच्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीन नसताना पप्पांना प्रेशर कुकरची शिट्टीही धड ऐकू येत नाही असा रिपोर्ट आला. शिवाय डॉक्टर म्हणाले, एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाजाची दिशा सांगणं अवघड जातं. मग पप्पांनी पश्चिम कशी सांगितली? ओझरकडून विमानं उडतात, त्यांचा आवाज असेल म्हणावं, तर ओझर पडतं भलत्याच दिशेला. खाणीतला सुरुंग असेल, तर त्याचा धमाका होतो, सूर लागत नाही. भास म्हणावा, तर एकाच वेळी, पन्नासेक किलोमीटरवर, दोघांना, अगदी एकसारखा? सुनीलचं म्हणणं, दोघांच्या मनात तेच होतं म्हणून झालं. मी म्हटलं, मनात तर कित्येक वर्षं होतं, मग त्याच दुपारी का? तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मात्र ‘म्हाताऱ्यांनी आधीच ठरवलं असेल’ असं कृपा करून लिहू नका. त्या दोघांना ठरवून काही करता आलं असतं, तर इतकी वर्षं अबोल्यात काढली असती का?

आणि हो, भांडण संपलंय असं समजू नका. हल्ली दर महिन्याला काका येतात आणि आधी की नंतर यावर गच्चीत बसून दोघे तावातावाने बोलतात. खालपर्यंत ऐकू येतं. पप्पा व्हिडिओ बघायचे मात्र जवळजवळ थांबलेत.

परवा त्यांची खोली झाडता झाडता मी सहज म्हटलं, ‘पप्पा, एवढा कर्णा वाजला, पण प्रभू काही आला नाही.’

ते शर्टाची बटणं लावत होते. मान वर न करता, एखाद्याला बसचा स्टॉप सांगावा तसे म्हणाले, ‘आला की. गिरणाऱ्याला.’